अत्तर कोपराच्या आत

माणसांकडे बघायची माझी रीत एका क्लासमुळे कायमची बिघडली. पूर्वी बाई दिसली की मी तिची साडी बघायचे, आता हात बघते. रिक्षावाल्याने मीटर टाकायला हात पुढे केला की माझं लक्ष मीटरकडे नसतं. भाजीवाला मेथीची जुडी झटकतो तेव्हा त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत जी काय फुगलेली शीर दिसते, तिच्यावर मी मनातल्या मनात पट्टा बांधून मोकळी झालेली असते. नवरा म्हणतो, "अगं, खाटीक बोकडाकडे बघतो तशी लोकांकडे बघू नकोस." त्याच्या स्वतःच्या शिरा उत्तम आहेत, पण तो मला हात देत नाही.

क्लासचं नाव मोठं होतं, फ्लेबॉटॉमी टेक्निशियन. आमच्या घरात ते कुणाला धड म्हणता येईना. नवऱ्याने नातेवाइकांत 'लॅबचा कोर्स' असं सांगून टाकलं. मुलीने शाळेत 'माझी आई जवळजवळ डॉक्टर होणारे' अशी हवा केली. मी सरळ सांगायचे, रक्त काढायला शिकतेय. ऐकणारा आपोआप हात मागे घ्यायचा.

तोवर मी एका ऑफिसात बिलं टाइप करत होते. ते ऑफिस पार पनवेलच्या पुढे हललं आणि मी घरी बसले. घरी बसले की माझं डोकं तापतं. मी डबे लावते, मग परत काढते, मग मुलीच्या कपाटात शिरते, आणि मग घरातले सगळे एकमेकांना डोळ्यांनी खुणा करायला लागतात. अशाच एका दुपारी औषधाच्या दुकानात कोर्सची जाहिरात चिकटवलेली दिसली. काम सकाळचं आणि दुपारी मोकळं, असं तिच्यात म्हटलेलं. मला तेवढंच हवं होतं. रक्ताबिक्ताशी माझं काही खास नातं नव्हतं.

डोंबिवलीतली बॅच भरलेली, म्हणून ठाण्याचा क्लास धरला. वर्तकनगरात एका फरसाणच्या दुकानाच्या वर पहिल्या मजल्यावर तो भरायचा. उपाशीपोटी करायच्या तपासण्या आम्ही शिकत असू आणि खालून ताज्या गाठ्यांचा वास येत असे. ट्रेनच्या गर्दीशी माझं कधीच पटलं नाही, त्यामुळे मी बसने जायचे आणि शीळफाट्याला अडकायचे. त्या अडकण्याचाही उपयोग झाला. दांडीला धरून उभ्या असलेल्या माणसांचे हात माझ्या अगदी डोळ्यांसमोर असत. एकदा एका गृहस्थांच्या हाताकडे मी इतका वेळ टक लावून बघितलं की त्यांनी भर उकाड्यात शर्टाची बाही खाली ओढून बटण लावलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले, पण शीर फारच सुंदर होती.

घरात विरोध एकटीचा होता, सासूबाईंचा. सासूबाई रत्नागिरीकडच्या. सासरे गेले तेव्हा माझा नवरा शाळेत होता. त्यांनी डोंबिवलीतल्या याच घरातून पोळ्या लाटून विकल्या आणि त्यावर घर चालवलं. आता गरज नाही, तरी काही जुनी गिऱ्हाइकं त्यांनी सोडलेली नाहीत. सकाळी आमच्या ओट्यावर घडीच्या पोळ्यांची चळत उभी राहते आणि तिला कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही.

त्यांचं सुईशी वैर होतं. आदल्या वर्षी आमच्या भागात मोफत तपासणीचं शिबिर झालं. तिथे एका मुलाने त्यांच्या दोन्ही हातांत जागोजागी टोचून बघितलं, आत सुई फिरवली, रक्त काही निघालं नाही, आणि शेवटी तो त्यांनाच म्हणाला, "आजी, तुमच्या हातात शिराच नाहीयेत." टोचलेलं त्या विसरल्या असत्या, पण हे वाक्य त्यांना फार लागलं.

"माझ्या हाताचं भरतकाम केलंन मेल्यानं," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "आणि वर म्हणतो शिरा नाहीत. मग इतकी वर्षं पोळ्या काय काठीनं लाटल्या?"

गोष्ट अपमानावर थांबली असती तर आम्ही हसून सोडून दिली असती. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं, ऑपरेशनच्या आधी रक्ताच्या तपासण्या सांगितलेल्या, आणि तिथे गाडं रुतलेलं. "डोळा कापायचा तर कापा, रक्त मागू नका," हे त्यांचं शेवटचं उत्तर. नवऱ्याने समजावलं, नणंदेने फोनवर रडून बघितलं, मी चिडून बघितलं. काही फरक पडला नाही. दरम्यान पोळी करपली हे त्यांना वासावरून कळायला लागलं होतं. गॅलरीतून त्या भलत्याच मुलीला माझी मुलगी समजून हाका मारत. आणि मग एक दिवस एका जुन्या गिऱ्हाइकाने पोळ्या कच्च्या राहिल्यात म्हणून डबा परत पाठवला. ज्या बाईला नळाला पाणी आलं तरी चार वाक्यं बोलायची असतात, ती दिवसभर गप्प बसून राहिली. मला तेव्हा खरंच भीती वाटली.

"लोकांना सुया टोचून पोट भरणार?" असं त्यांनी मला क्लासच्या पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं, "हो, आणि शिकून झालं की पहिली तुम्हालाच टोचणार." मी कोर्स त्यांच्यासाठी घेतला नव्हता. पण एकदा तोंडातून गेलं ते डोक्यात राहिलं.

क्लासमध्ये आधी रबराचा हात असतो. तो हात म्हणजे देवमाणूस. त्याच्या शिरा जिथे असायला हव्यात तिथेच असतात, तो हलत नाही, ओरडत नाही, त्याला चक्कर येत नाही, आणि सुई घातली की लाल पाणी तत्परतेने बाहेर येतं. आठवडाभरात मला वाटायला लागलं की आपण या कामासाठीच जन्मलोय. मग मॅडमनी रबराचा हात कपाटात ठेवला आणि आम्हाला एकमेकांसमोर बसवलं.

मॅडम सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, पुण्याच्या, बोलणं स्वच्छ आणि धारदार. आमच्या बॅचमध्ये कल्याणचा एक जिमवाला होता. त्याच्या दंडापासून मनगटापर्यंत शिरा अशा की आंधळ्यालाही सापडाव्यात. पहिल्या दिवशी त्याच्यासमोर बसायला आमची झुंबड उडाली. "अरे, मैं क्या सार्वजनिक नळ है क्या?" असं तो ओरडत होता, पण आतून खूश होता. सुई टेकायच्या आधीच तो पांढराफटक पडला आणि खुर्चीतून घसरला. त्याला पाय वर करून झोपवलं, वारा घातला, आणि खालून फरसाणवाल्याने साखरेचं पाणी पाठवलं. पुढे तोच आमच्यातला सगळ्यात हलक्या हाताचा निघाला. पेशंटला कसं वाटतं हे त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

रक्त घेतल्यावर ते वेगवेगळ्या रंगांच्या झाकणांच्या ट्यूबमध्ये ठरलेल्या क्रमाने भरायचं असतं. आधी निळी, मग पिवळी, मग जांभळी, मग करडी. क्रम चुकला तर एका ट्यूबमधलं औषध दुसरीत जातं आणि रिपोर्ट चुकतो. क्लास सुरू झाला तेव्हा नवरात्र तोंडावर आलेलं. कुठल्या दिवशी कुठल्या रंगाची साडी, हे बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. आम्ही बायकांनी ट्यूबचा क्रम तसाच पाठ केला. सोमवार निळी, मंगळवार पिवळी. जिमवाला आमच्या मागे वहीत साड्या उतरवून घेत होता.

माझी चूक वेगळीच निघाली. ट्यूब भरली की ती हळूच उलटी-सुलटी करायची असते, म्हणजे आतलं औषध रक्तात मिसळतं. मी स्वयंपाकघरातली बाई. झाकण लावलं की हात आपोआप हलतो. पहिली भरलेली ट्यूब मी ताकाच्या बाटलीसारखी खळखळून हलवली. मॅडमनी माझ्या हातातून ती काढून घेतली.

"काय करताय? लोणी काढायचंय?"

रक्तातल्या पेशी फुटतात, नमुना वाया जातो, माणसाला पुन्हा टोचावं लागतं, हे त्यांनी मग शांतपणे समजावलं. पुन्हा टोचावं लागतं हे ऐकून मला घरची आठवण झाली आणि माझा हात कायमचा सुधारला.

त्यांनी शिकवलेली खरी गोष्ट मात्र दुसरी. मी पहिल्यापासून शिरा बघत होते. दिसली की आनंद, नाही दिसली की घाम. एका स्थूल मैत्रिणीच्या गोऱ्यापान हातावर मला काहीच दिसेना. मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटा. शीर बघायची नसते, चाचपायची असते. बोट ठेवा, दाबा, सोडा. जे बोटाला परत ढकलेल ते तुमचं." मी डोळे मिटले. बराच वेळ काही नाही. मग मऊ कणकेत चुकून राहिलेल्या दोऱ्यासारखं काहीतरी बोटाखाली आलं, दाबलं की खाली जाणारं, सोडलं की वर येणारं. मी इतक्या जोरात "सापडली!" म्हणाले की मैत्रीण दचकली आणि ती पुन्हा हरवली.

त्या दिवसापासून मला दिसेल त्याचा हात चाचपायचं वेड लागलं. घरात मुलीचा झाला, नवऱ्याचा तो झोपेत असताना झाला. सासूबाई जवळ फिरकू देईनात. चहाचा कप द्यायला गेले तरी त्या कप टेबलावर ठेवायला सांगत.

आणि मग संक्रांत आली. आमच्याकडे दरवर्षी हळदी-कुंकू असतं. सोसायटीतल्या सगळ्या बायका येतात. हळद-कुंकू लावायचं, हातावर अत्तर, अंगावर गुलाबपाणी, हातात तिळगूळ आणि वाण. या वेळी अत्तराची कुपी मी स्वतःकडे ठेवली. एरवी अत्तर तळहाताच्या मागच्या बाजूला लावतात. मी पहिल्याच काकूंना म्हटलं, "बाही जरा वर घ्या. कोपराच्या आतल्या बाजूला लावलं ना, की वास दिवसभर टिकतो."

हे मी तिथल्या तिथे ठोकून दिलं होतं. पण बायकांना पटलं. एकेक जण हात लांब करून बसायला लागली. मी अत्तराचं बोट टेकवायचे आणि डोळे अर्धवट मिटून चाचपत राहायचे. तळमजल्यावरच्या वहिनींची शीर बाहेरच्या अंगाला, एकदम वर. शाळेतल्या बाईंची खोल, पण भरीव. समोरच्या ब्लॉकमधल्या नव्या सुनेच्या तर दोन दोन. पट्टा न बांधता मला शिरा सापडत होत्या. आनंदाने मी कुंकवापेक्षा अत्तरालाच जास्त वेळ द्यायला लागले. एक काकू शेवटी म्हणाल्या, "अगं, लावतेयस की मुरवतेयस?" पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका घरी गेले तर तिथली बाई सगळ्यांच्या कोपरात अत्तर लावत होती आणि वास टिकतो म्हणून सांगत होती.

सासूबाई हळदी-कुंकवाला बाहेरच्या खोलीत येत नाहीत. सासरे गेल्यापासूनची ती पद्धत. तिळगूळ त्यांच्या हातचा असतो, मसाला दूध त्या आटवतात, वाणाच्या वस्तू त्याच निवडतात, आणि बायका आल्या की आत स्वयंपाकघरात बसतात. लग्न झाल्यावर मी पहिल्या वर्षी भांडले होते. "चला बाहेर, मी लावते कुंकू, बघू कोण काय बोलतं ते." त्या म्हणाल्या होत्या, "कुणी काही बोलणार नाही. अवघडतील मात्र. कशाला?" त्यानंतरही मी एकदा-दोनदा म्हटलं, मग सवय झाली. वाईट गोष्टींची सवय किती लवकर होते, याचा मला राग येतो, आणि तो राग स्वतःवरच काढावा लागतो.

त्या दिवशी बायका गेल्या. अंगात शिरा संचारलेल्या, कुपी हातात. मी आत गेले. सासूबाई ओट्यापाशी स्टुलावर बसून दुधाच्या पातेल्याची साय खरवडत होत्या. मी काही विचार केला नाही. त्यांचा डावा हात उचलला, बाही वर सारली आणि कोपराच्या आत अत्तर लावून चाचपायला लागले.

त्यांनी हात ओढून घेतला नाही. मला नवलच वाटलं. हात जाड, कमावलेला, तव्याच्या चटक्यांचे जुने डाग पडलेला. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी डोळे मिटले. दाबलं, सोडलं, सरकले, दाबलं. बाहेरच्या बाजूला, खोल, सावकाश काहीतरी बोटाला वर आलं.

डोळे उघडले तर सासूबाई माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"किती वर्षांनी अत्तर लावलं गं कुणी," त्या म्हणाल्या.

माझी फार चमत्कारिक अवस्था झाली. गप्प बसले असते तर मी त्या घरातली सर्वांत गुणी सून ठरले असते. पण गप्प बसणं मला जमत नाही.

"आई," मी म्हटलं, "मी शीर शोधत होते."

मला वाटलं आता हात ओढून घेतील, मग चार दिवस अबोला. पदराने डोळे पुसून त्यांनी विचारलं, "सापडली?"

"सापडली."

"कुठाय?"

मी त्यांच्या उजव्या हाताचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. दाबा म्हटलं, सोडा म्हटलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्या छताकडे बघत आपलीच शीर चाचपत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम विजयी भाव आला.

"ही काय, एवढी ढळढळीत आहे! मग त्या मेल्याला का नाही सापडली?"

मी पोट धरून हसले. त्याही हसल्या. मग उरलेलं अत्तर मी त्यांच्या दोन्ही हातांना, मागच्या बाजूला, जिथे लावायचं असतं तिथे लावलं, आणि ते शीर शोधायला नव्हतं. कुंकवाची कोयरी पुढे केली तेव्हा त्यांनी मान हलवली. मी आग्रह केला नाही.

दोन दिवसांनी पोळ्या लाटता लाटता त्यांनी नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "डोळ्याचं बघू या म्हणते. रक्त हिलाच काढू दे पण. दुसरा कुणी जवळ आला तर लाटणं घालीन."

पेच असा की घरी मी कुणाचं रक्त काढू शकत नव्हते. शिकाऊ होते. मॅडमच्या क्लासनंतर आमची नेमणूक माजिवड्याच्या एका इस्पितळात झालेली, तिथे सिस्टर शेजारी उभ्या असतील तरच सुई धरायची. सिस्टर शीळच्या बाजूच्या गावातल्या, उंच, खड्या आवाजाच्या. त्यांचा नियम साधा होता: एकदा टोचून नाही आलं तर आत सुई फिरवायची नाही, बाहेर काढायची. दुसरीकडे एकदा प्रयत्न करायचा. तेही नाही झालं तर बाजूला व्हायचं. पेशंटचा हात म्हणजे प्रयोगाची वही नव्हे.

तिथे मी रोज रक्त काढत होते आणि बरं काढत होते. फक्त निघताना सवयीने "येते हं" म्हणायचे. एका आजोबांनी मला दारातून परत बोलावलं आणि हात जोडून म्हणाले, "बाई, जाते म्हण. तू पुन्हा यायला नकोस." तेव्हापासून मी नुसतं हसून बाहेर पडायला लागले.

सासूबाईंना मी एका सकाळी रिक्षाने त्याच इस्पितळात घेऊन गेले. चहा न पिता घराबाहेर पडणं त्यांना जन्मात माहीत नव्हतं. मानपाड्यापासूनच त्या रिक्षावाल्याला टपऱ्या दाखवायला लागल्या. "पाणी चालतं ना? मग चहात काय असतं, पाणीच ना?" मी शीळफाट्यापर्यंत भांडले, तिथे वाहतूक अडकली तेव्हा आमचं भांडण आजूबाजूच्या दोन रिक्षांनी ऐकलं. माजिवड्याला पोचेपर्यंत माझं डोकं आणि घसा दोन्ही गेलेली.

खुर्चीत बसल्यावर मात्र त्या एकदम लहान दिसायला लागल्या. पदर खांद्यावरून ओढून घेतलेला, पायातल्या चपला जुळवून ठेवलेल्या. सिस्टर माझ्या मागे. मी पट्टा बांधला, डावा हात चाचपला. ती शीर होती तिथेच होती. कापूस फिरवला.

"दुखलं तर सांगा आई. मी लगेच थांबेन."

त्यांनी मान हलवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

अनोळखी माणसाच्या हाताशी माझा अंगठा कातडी खाली ताणून धरतो, म्हणजे शीर जागची हलत नाही. त्या दिवशी मी अंगठा टेकवला, पण ताणला नाही. त्यांना जोर लागेल म्हणून. मायेने केलं आणि तेच नडलं. सुई आत गेली आणि शीर बाजूला सरकली. ट्यूब कोरडी. आणखी जरा आत, जरा डावीकडे, असं बोटांना वाटत होतं, आणि शिबिरातल्या त्या मुलाच्या बोटांनाही असंच वाटलं असणार हे मला तेव्हा कळलं. मी पट्टा सोडला, सुई बाहेर काढली, कापूस दाबला. सगळं संपलं, आता ही बाई उठून घरी जाणार, डोळे तसेच राहणार, आणि ते माझ्यामुळे, असं मला वाटलं.

सिस्टर पुढे झाल्या. "सरक गो, मी घेते."

मी सरकले. पण सासूबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं आणि सिस्टरच्या आवाजाच्या दिशेने बघितलं.

"तुम्ही कोण?"

"मी इथली सिस्टर, आजी. हात हलका आहे माझा."

"असेल. उभ्या राहा तिथेच. मला दुसरा हात आहे," असं म्हणून त्यांनी उजवी बाही स्वतःच वर केली आणि हात माझ्याकडे लांब केला.

तो पोळ्या लाटायचा हात. तो मी कधीच चाचपलेला नव्हता. सिस्टरकडे बघितलं तर त्यांनी भुवईने खूण केली, घे. मी पट्टा बांधला, डोळे मिटले आणि बोट ठेवलं. वेळ लागला. मग सापडली, मधोमध, कुठल्याच डोळ्याला दिसली नसती अशी. या वेळी अंगठ्याने कातडी नीट ताणली, सासू म्हणून दयामाया केली नाही. सुई गेली. ट्यूबमध्ये रक्त आलं. पिवळी भरली, जांभळी भरली, करडी भरली. पट्टा सोडला, सुई काढली, आणि मी ट्यूब हळूहळू उलट्या-सुलट्या करत राहिले, सिस्टर "पुरे" म्हणेपर्यंत.

"झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं."

"चहा?"

खालच्या टपरीवर त्यांनी दोन कप चहा घेतला, नंतर बटाटावडा घेतला, आणि टपरीवाल्याला दोन्ही कोपरांतले कापूस दाखवून माझी ओळख करून दिली. "माझी सून. हिनं काढलंन." एक फुकट गेलेलं टोचणं त्यांनी हिशेबात धरलं नाही.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आले. साखर थोडी वर होती, बाकी ठीक. डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला. नवऱ्याने नणंदेला फोन लावला, ती पुन्हा रडली. मी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई संध्याकाळच्या पोळ्या लाटत होत्या. डाव्या कोपरात काळंनिळं पडलेलं, माझंच काम. मी त्यावर मलम लावलं. मग उजवा हात बघायला मागितला. त्यांनी लाटणं न सोडता नुसतं कोपर पुढे केलं.

"या दुसऱ्या वेळेला नाही ना दुखलं?"

"दुखलं की. पहिल्यापेक्षा जास्त."

मी चिडले. "मग बोलला का नाहीत? मी सांगितलेलं ना, दुखलं तर सांगा, मी लगेच थांबेन म्हणून?"

"म्हणूनच नाही बोलले," त्या म्हणाल्या, आणि पोळी तव्यावर टाकली.

मला आणखी चिडायचं होतं, पण रडायला आलं. मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले आणि पोळी फुगल्यावर त्यांना "आता उलटा" म्हणून सांगितलं.